नाडी माझी, नाव तुमच्या भावाचं

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. हे पत्र हाती पडेल तेव्हा तुमचे दोन्ही गुडघे कुरकुर न करता जिना चढत असतील आणि खोकल्याने तुमचा पिच्छा सोडला असेल, अशी मनापासून आशा करते. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. (हे वाक्य पद्धत म्हणून लिहिलंय. पुढचं वाचून पटलं नाही तर खोडावं. मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडून नऊ वर्षं झाली तरी तुमच्या पर्समधलं लाल पेन निवृत्त झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे.)

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. "तुला जमत नाही" या शब्दांखाली तुम्ही तीन रेघा मारल्यात. त्यातली तिसरी कागद फाडून पलीकडे गेलीय, त्यामुळे मागच्या बाजूला लिहिलेलं गुडघ्याच्या तेलाचं नाव काही लागलं नाही. बाकी सगळं वाचलं, दोनदा वाचलं. एक तारखेला तुम्ही गाडी घेऊन येणार, भावाला कायमचं तुमच्याकडे नेणार आणि मी माझ्या शिवणयंत्रापाशी सुखाने बसावं, असा एकूण मजकूर. हे पलंगावरून घसरले ही बातमी तुमच्यापर्यंत कोणी पोचवली ते मी विचारत नाही. (वरच्या मजल्यावरच्या पोस्टमनकाकांनी. नोकरीत होते तोवर लोकांच्या बातम्या बंद पाकिटातून वाहायचे, आता उघड्याच वाहतात.) घसरले हे खरं आहे, पण पडले नाहीत. मी पाठीमागे चार उशा रचून यांना बसवलं होतं. एकेक उशी निसटत गेली आणि हे त्याच उशांवरून अगदी सावकाश, ‘शिकाऊ’ची पाटी लावून गाडी उतारावर सोडल्यासारखे जमिनीवर आले. चेहऱ्यावर भीती नव्हती, राग होता. गाडी शिकवायच्या इतक्या वर्षांत कोणी शिकाऊ माणसाने चाक फुटपाथवर चढवलं की जो यायचा, तोच.

अकरा महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, हे तुम्हाला मी नव्याने काय सांगायचं. तुम्ही पहिले पंधरा दिवस इथेच होतात. तेव्हा आपण दोघींनी मिळून यांना खूप प्रेमाने आणि संपूर्णपणे चुकीच्या रीतीने उचललं. तुम्ही गेल्यावर यांचा एकच शब्द परत आला, "थांब". शिकवणाऱ्याच्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून आयुष्यभर जो शब्द उच्चारला तोच तेवढा मेंदूने सांभाळून ठेवला. भूक लागली की थांब, खिडकी उघडायची असली की थांब, मी खोलीतून निघाले की थांब. सूर तेवढा वेगवेगळा असतो. मला आता सोळा सूर ओळखता येतात, सतरावा अजून लागत नाही.

तर या घसरण्यानंतर व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने मला सांगितलं की परिचारिका शाळेत घरच्या घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग असतो, दुपारी दोन ते चार, आठवड्यातून तीन दिवस. पोस्टमनकाका यांच्याजवळ बसायला तयार झाले. (बसून काय करतात ते आता आपल्याला कळलंच.) वर्गात आम्ही अकरा जण. शिकवणाऱ्या सिस्टर ठेंगण्या आणि इस्त्री केलेल्या, आणि त्यांचं नाव वर्गाने पहिल्याच दिवशी "पारा" ठेवलं, कारण कोणी उशिरा आलं की तो चढताना दिसायचा. माझा जोडीदार म्हणून एक टॅक्सीवाला मिळाला. आईला सांभाळतो. माणूस दारातून आत येताना उजेड कमी व्हावा असा धिप्पाड, पण थर्मामीटर हातात धरतो ते चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं.

पहिला आठवडा नुसत्या शब्दांचा होता. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर बोलतात ते आपल्याला कळलं पाहिजे, नाहीतर आपण नुसती मान हलवतो आणि घरी येऊन भलतंच करतो. (इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. नंतर कळलं, अकराही जणांना तसंच वाटलं होतं.) शब्दाच्या पुढे हायपर लागलं तर जास्त, हायपो लागलं तर कमी. मी ते माझ्या पद्धतीने वहीत उतरवलं. आम्ही शिवणकाम करणारे शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतो त्याला माया म्हणतो. माया फार झाली की हायपर, कमी पडली की हायपो. (तुमच्यासाठी शिवतेय त्या कोटात मी दोन बोटं माया सोडलीय, ती हायपर समजू नये.) टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद. शेवटी आयटिस आलं की त्या जागेला सूज आहे असं समजायचं. हे शिकल्यावर वर्गाने मधल्या सुट्टीत आपापले आजार तयार केले. एकीने सासवायटिस काढला, एकीने नणंदायटिस. मी हसले नाही. (हसले, पण इतरांपेक्षा कमी.)

याच आठवड्यात माझ्या हातून घडलेला एक गुन्हा उघडकीला आला, तो कबूल करते. अफेझिया म्हणजे बोलता न येणं. अफेजिया म्हणजे गिळता न येणं. कागदावर एका अक्षराचा फरक, आणि कानाला तेवढाही नाही. डॉक्टरांनी सुरुवातीला पहिला शब्द सांगितला, मी दुसरा ऐकला आणि तुम्हाला कळवलं की यांना गिळता येत नाही. त्यावर तुम्ही तळमळून लिहिलंत, सगळं मिक्सरमधून काढून पातळ करून दे. तुमचा शब्द मी कधी मोडत नाही. दहा महिने, वन्सं, तुमचा भाऊ भाजी, अंडं, सफरचंद आणि एकदा वाढदिवसाचा केक, हे सगळं एकाच रंगाचं करून पीत होता. थांब थांब म्हणून ओरडत होते ते मला कळलं नाही असं नाही; मला वाटलं, गिळताना त्रास होतोय म्हणून ओरडतात, म्हणून मी आणखी पातळ केलं. सिस्टरच्या सांगण्यावरून व्यायामाच्या मुलीने घरी तपासून पाहिलं. गिळणं उत्तम आहे. ठसका लागायचा तो आपण आडवं ठेवून भरवत होतो म्हणून; मी नीट बसवायला शिकेपर्यंत पातळच चालू ठेवायचं ठरलं. आपण म्हणजे मी, पण ती पद्धत कोणी घालून दिली ते मी लिहीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात नाडी, श्वास, ताप, रक्तदाब. माणूस आत कसा चालला आहे हे बाहेरून कळायच्या या खुणा. श्वास मोजताना त्या माणसाला सांगायचं नसतं, कारण कोणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. टॅक्सीवाल्याला हे माहीत होतं, मलाही माहीत होतं, त्यामुळे तो मनगट धरून मुकाट्याने माझ्या खांद्याकडे बघायला लागल्यावर मी जो श्वास धरला तो सोडलाच नाही. शेवटी तोच घाबरून म्हणाला, "ताई, घ्या की हो श्वास! मला आकडा लिहायचाय." आणि नाडी. ती तीन बोटांनी बघायची, अंगठ्याने कधीच नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. सिस्टरनी हे सांगितलं आणि मी माझा अंगठा मुठीत लपवला. मी गेले दोन महिने अंगठ्याने बघत होते. म्हणजे दर रविवारी तुमच्या भावाची म्हणून मी जी नाडी तुम्हाला फोनवर सांगत होते, शहाण्णव, एकशेचार, एकदा एकशेदहा, ती माझी होती. त्यावर तुम्ही जे विचारलंत, "तू त्याला असं काय ऐकवतेस की त्याची नाडी इतकी धावते?" त्याचं उत्तर आता देता येतं. यांची नाडी बहात्तर आहे. अगदी सरळ टीप घातल्यासारखी.

आता मूळ गोष्टीकडे येते. तिसऱ्या आठवड्यात तपासणीच्या वेळी रुग्णाला कसं ठेवायचं ते शिकायचं होतं. उताणं, पालथं, कुशीवर, पाठ उचलून अर्धवट बसतं, पाय वर डोकं खाली. (आणखी एक आहे, ते सिस्टरनी फळ्यावर काढून दाखवलं आणि ताबडतोब पुसलं, टॅक्सीवाला खिडकीबाहेर बघत होता.) प्रत्यक्ष दाखवायला कोणीतरी टेबलावर झोपायला हवं होतं. दहाजणांनी वह्यांत डोकी घातली. मी डोकं घालायला उशीर केला. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही या. पहिलं सगळ्यात सोपं आहे, सुपाइन. उताणं झोपायचं, हात शरीराशेजारी, काहीही करायचं नाही."

वन्सं, मी ते इतकं नीट केलं की मला झोप लागली.

असं काही होईल हे मला माहीत नव्हतं. टेबल कडक होतं, वर दिवा होता, अकरा डोकी माझ्याकडे बघत होती. पण "काहीही करायचं नाही" हे शब्द मला कोणी अकरा महिन्यांत म्हटले नव्हते, आणि माझ्या अंगाने ते हुकूम म्हणून घेतले. घरी मी झोपते तीसुद्धा एक कान यांच्या खोलीत ठेवून, अंग मुडपून, उठायच्या तयारीत. पाठ पूर्ण टेकवून, तळहात उघडे ठेवून मी शेवटची कधी झोपले होते ते मला अजून आठवत नाही. पुढचं मला टॅक्सीवाल्याने सांगितलं. मी घोरायला लागले तेव्हा एकीने हलवायला हात पुढे केला. सिस्टरनी तो धरला आणि कुजबुजत म्हणाल्या, "झोपलेल्या माणसाला न उठवता काय काय बघता येतं, ते आज शिकू." मग एकेकाने येऊन माझा श्वास मोजला. नाडी पाहिली. मला कुशीवर वळवलं, गुडघ्याखाली उशी दिली, पाठ उचलून बसती केली. सगळा वर्ग माझ्यावर शिकला आणि मला पत्ता नाही. एक तास वीस मिनिटांनी जाग आली तेव्हा वर्ग सुटला होता, दिवा कोणीतरी विझवला होता आणि सिस्टर शेजारी खुर्चीवर बसून माझ्या दंडाचा पट्टा सोडत होत्या.

मी शरमेने अर्धी झाले. म्हटलं, माफ करा, वर्ग वाया गेला. त्या म्हणाल्या, "छे. इतका चांगला रुग्ण मला वीस वर्षांत मिळाला नाही." मग एक चिठ्ठी दिली. त्यावर आकडा होता, एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशेसहा. खाली लिहिलं होतं, नाडी अनियमित. मी विचारलं, हे कोणाचं? खरंच विचारलं, वन्सं. इतक्या महिन्यांत आकडे म्हणजे यांचे, असं डोक्यात बसलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमचं. घरी कोण बघतं तुमच्याकडे?" मी म्हटलं, मी बघते. त्या म्हणाल्या, "ते त्यांच्याकडे. मी तुमच्याकडे म्हणाले." काहीतरी सांगितलं आणि पिशवी उचलून निघाले.

घरी आल्यावर मी चिठ्ठी डब्याखाली सरकवली आणि शिकलेलं करून दाखवलं. एक चौकोनी रुमाल घेतला, कोपऱ्यावर कोपरा दुमडला, की झाला पंचेचाळीस अंश. त्या मापाने पाठ उचलली, गुडघ्यांखाली गुंडाळी दिली. (चार उशांचा डोंगर रचून काही होत नाही. गुडघ्याखाली एक नसली तर माणूस घसरणारच, हे तुम्ही आणि मी दोघींनी लक्षात ठेवायचं.) हे सरळ बसले. खिडकीतून रस्ता दिसायला लागला. इतके महिने छत बघत होते. मी टोस्टला लोणी लावून तो डाव्या हातात दिला, तर त्यांनी तो आधी नुसता फिरवून पाहिला. मग खाल्ला. टोस्ट मोडल्याचा कुर्रर्र आवाज झाला आणि आम्ही दोघंही दचकलो. तीन टोस्ट झाले, एकदाही ठसका नाही, एकदाही थांब नाही.

मग मी सराव म्हणून रक्तदाबाचं यंत्र काढलं. (सिस्टरनी आठवड्यासाठी दिलंय.) यांच्या दंडाला पट्टा बांधायला गेले तर यांनी डाव्या हाताने तो ओढून घेतला आणि माझ्याकडे ढकलला. मी म्हटलं, "अहो, तुमचा बघायचाय." पुन्हा ढकलला. म्हणाले, "थांब." मी म्हटलं, "चेष्टा पुरे." तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि पकडून ठेवलं. तुम्हाला त्यांची पकड ठाऊक आहे, शिकाऊ माणसाच्या हातातलं स्टिअरिंग सोडवून घेणारी. मी मुकाट्याने पट्टा माझ्या दंडाला बांधला. हवा भरली, सुटली, आकडा आला. जवळजवळ चिठ्ठीतलाच होता. यांनी मान वाकवून तो वाचला. मला वाटत होतं, यांना अंक कळत नाहीत. माझा समज. त्यांनी माझ्याकडे बघून "थांब" म्हटलं, आणि वन्सं, तो सतरावा सूर होता. लाल दिवा ओलांडून गेलेल्या माणसाला, आपटल्यानंतर नाही, आपटायच्या आधी, ते ज्या आवाजात सांगायचे तो. मी यांच्या पलंगाच्या कडेला बसून पहिल्यांदाच यांच्यासमोर रडले. ते मनगट सोडेनात. संपेपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आले. ईसीजीची पट्टी काढली. हृदय चालता चालता मधूनच टाके गाळतं म्हणाले, जुन्या यंत्राचं होतं तसं. गोळ्या दिल्यात. विशेष काही नाही.

आता एक गोष्ट लिहायची की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला नव्हता. राग नंतर आला. आधी, साधारण मिनिटभर, मला हलकं वाटलं. घर रिकामं दिसलं, पलंगाच्या जागी कापड बेतायचं मोठं टेबल दिसलं आणि मी दार लावून झोपलेली दिसले. मग माझी मलाच लाज वाटली आणि त्या लाजेपोटी तुमच्यावर राग काढला. आज ना लाज वाटते ना राग. थकलेल्या माणसाला झोप दिसणारच. पण त्या मिनिटभरात मला दिसलेल्या घरात हे कुठेच नव्हते, आणि हे नसलेल्या घरात मी किती दिवस झोपले असते ते मला माहीत आहे. तुम्ही यांना आईविना वाढवलंत, त्यांच्यावर तुमचा हक्क माझ्याआधीचा आहे, तो मी नाकारत नाही. पण आता ते खिडकीत बसतात, रस्त्यावर कोणी गाडी वाकडी लावली की वरून थांब म्हणून ओरडतात, आणि परवा एकाने खरंच सरळ करून लावली. त्यांना इथून हलवू नका. मला जमत नव्हतं हे खरं. शिकतेय. इतकंच सांगायचं होतं.

खोकल्यासाठी गरम पाण्याची वाफ घेत जावी आणि घेताना तोंड उघडं ठेवावं. पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या पोटात घालाव्यात.

तुमची भावजय

ता. क. वर "विशेष काही नाही" असं लिहिलंय ते तितकंसं बरोबर नाही. येत्या गुरुवारी मला रुग्णालयात दाखल व्हायचंय. चार दिवस. ठोके नीट बसवायचे आहेत, त्यासाठी बहुतेक विजेचा एक छोटा झटका देतात, झोपवून. (झोपवून म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं.) घाबरण्यासारखं नाही असं डॉक्टर म्हणतात, मी घाबरलेय. तुम्ही एक तारखेची वाट न बघता बुधवारी याल का? गाडी घेऊन या, पण परत नेताना यांना नेऊ नका. चार दिवस इथे राहा. कसं बसवायचं, कसं वळवायचं ते सगळं मी चित्रं काढून भिंतीला लावलंय, आणि पोस्टमनकाकांना तोंडी समजावलंय, म्हणजे शहरात सगळ्यांनाच आता येत असेल.

ता. क. २. तुम्ही याल असं मी यांना सांगून टाकलंय. तेव्हापासून दाराकडे तोंड करून बसायचा हट्ट धरतात.

ता. क. ३. रुग्णालयाच्या कागदावर "घरी काळजी घेणारी जबाबदार व्यक्ती" असा रकाना होता आणि तो रिकामा असेल तर दाखल करून घेत नाहीत. शिवाय सिस्टरनी त्या दिवशी विचारलं तेव्हा गडबडीत माझ्या तोंडून तेच गेलं होतं. म्हणून मी दोन्हीकडे सांगितलंय की माझ्या नणंदबाई वर्षभर आमच्याकडेच राहतात, माझ्यावर पोटच्या मुलीसारखं प्रेम करतात आणि स्वभावाने अतिशय शांत आहेत. सिस्टर शुक्रवारी चार वाजता तुम्हाला भेटायला येणार आहेत. पहिल्या दोन गोष्टी आपण निभावून नेऊ. तिसरीसाठी, वन्सं, फक्त चार ते पाच एवढा एक तास काढा.